जप्त झालेली गाडी सोडवायची तर आधी कलम विचारा

पोलीस ठाण्यात गाडी सोडवायला आलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, "साहेब, गाडी कधी मिळेल?" ठाणे अंमलदाराकडे याचं उत्तर नसतं, म्हणून तो "उद्या या" म्हणतो. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर दुसराच अंमलदार असतो आणि तोही तेच म्हणतो. तुम्ही प्रश्न बदला. "गाडी कोणत्या कलमाखाली आणली आणि नोंद कुठे आहे?" असं विचारा. याला उत्तर द्यावंच लागतं, कारण ते लिहिलेलं असतं.

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं सातारा-सांगली पट्ट्यातल्या ठाण्यांमध्ये मुद्देमाल कारकुनाचं काम केलं. म्हणजे जप्त झालेली प्रत्येक वस्तू, कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत, माझ्या रजिस्टरला यायची आणि माझ्याच सहीने बाहेर जायची. अजूनही नात्यातले, गावातले फोन करतात, "आबा, गाडी उचलली, कुणाला तरी सांगा ना." मी कुणाला सांगत नाही. कुठला कागद घेऊन कुठे जायचं ते सांगतो. तेच इथे लिहितो आहे.

आधी दार ओळखा

"पोलिसांनी गाडी नेली" या एका वाक्यात चार वेगवेगळी प्रकरणं असतात आणि चारही ठिकाणी गाडी सोडणारा माणूस वेगळा असतो.

सगळ्यात सोपं म्हणजे टोइंग. नो पार्किंगमधून क्रेनने उचललेली गाडी त्या भागाच्या वाहतूक विभागाच्या आवारात असते, पोलीस ठाण्यात नसते. ई-चलन आणि टोइंगचे पैसे भरा, पावती घ्या, गाडी घ्या. बंपर आणि हँडब्रेक मात्र तिथेच बघून घ्या. घरी येऊन ओरखडा दिसला तर कुणी ऐकणार नाही.

दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम २०७. नोंदणी नाही, चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही, तो वयात बसत नाही किंवा प्रवासी-मालवाहू गाडीला परमिट नाही, तर या कलमाने गाडी अडकवून ठेवता येते. इथे कोर्टात धावायची गरज नाही. कलमातच लिहिलं आहे की मालकाने किंवा गाडी ताब्यात असणाऱ्याने कागदपत्रांसह परिवहन अधिकाऱ्याकडे किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने कागद तपासून गाडी सोडायची. आरटीओच्या भरारी पथकाने धरलेल्या गाड्या बऱ्याचदा जवळच्या एसटी आगारात लावलेल्या असतात. तिथे आगाराच्या माणसाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. आरटीओचं सोडपत्र आणलं की तो गेट उघडतो. त्या जागेचं भाडं वेगळं द्यावं लागू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

नुसता विमा संपलाय म्हणून कलम २०७ लागत नाही, त्याला कलम १९६ आहे. पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे माहीत असावं म्हणून सांगितलं, काउंटरवर वाद घालायला नव्हे. आणि मुलगा अठराच्या आत असताना गाडी घेऊन गेला असेल तर गाडीची काळजी नंतर करा. कलम १९९अ मध्ये पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. तिथे आधी वकील गाठा.

तिसरं दार महसूल खात्याचं. वाळू, मुरूम, दगड विनापरवाना वाहताना ट्रॅक्टर किंवा डंपर धरला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तो महसूल खात्याच्या ताब्यात जातो. उभा असतो पोलीस ठाण्याच्या आवारात, पण सोडायचा हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या उपजिल्हाधिकाऱ्यांचा लागतो. आमच्या दारात बसून राहिलेली अशी किती माणसं पाहिली! गाडी डोळ्यांसमोर दिसते म्हणून ती हलत नाहीत. दंडाच्या आणि सुटकेच्या आदेशाची चौकशी तहसील कचेरीत जाऊन करा.

चौथं दार कोर्टाचं. बाकीचा सगळा लेख त्यावरच आहे, कारण गाड्या सडतात त्या याच प्रकारात.

गुन्ह्यात जप्त गाडी

अपघात, मारामारी, चोरी, फसवणूक, अशा कुठल्याही गुन्ह्यात गाडी जप्त झाली की ती मुद्देमाल होते. पंचनामा होतो, मुद्देमाल रजिस्टरला नंबर पडतो आणि जप्तीचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यानंतर आम्ही मनाने चावी देऊ शकत नाही. दिली तर आमच्यावरच चौकशी लागते. म्हणून ओळखीच्या साहेबांच्या फोनने फारसं काही होत नाही.

तुम्हाला ठाण्यातून तीन गोष्टी हव्यात: गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं, मुद्देमाल नंबर, आणि तपासी अंमलदाराचं नाव. एफआयआरची प्रत बहुतेक गुन्ह्यांत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या काढता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडू नका. पंचनाम्याची प्रत मागा. मिळाली नाही तर निदान तो बघू द्या म्हणा आणि स्टेपनी, जॅक, टेप, बॅटरी, काट्यावरचे किलोमीटर हे सगळं त्यात लिहिलंय का ते वाचा. जप्तीच्या वेळीच तुम्ही हजर असाल तर मोबाइलवर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा. डॅशबोर्डचा एक घ्या. डिकीतलं सामान, पैसे, कागदपत्रं बाहेर काढून घेऊ द्या अशी विनंती करा. गुन्ह्याशी संबंध नसलेली वस्तू द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

अपघाताची गाडी असेल तर एक जादा पायरी आहे, आणि उशीर नेमका तिथेच होतो. मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून ब्रेक, स्टिअरिंग, टायर कसे होते याचा अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी ठाण्यातून आरटीओला पत्र जावं लागतं. ते पत्र रायटरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, टेबलावर बंदोबस्ताच्या, सणांच्या, व्हीआयपी दौऱ्याच्या कागदांखाली पडून राहतं. कुणी मुद्दाम दाबून ठेवत नाही, पण कुणी मुद्दाम काढतही नाही. म्हणून विचारा, "आरटीओला पत्र गेलं का? जावक क्रमांक काय?" जावक क्रमांक मागणारा माणूस आला की पत्र त्याच दिवशी निघतं, हे मी माझ्या टेबलावरून सांगतो. कायद्यात कलम १३६ आहे: अपघातातली गाडी तपासणीसाठी हलवली तर कुठे नेली हे मालकाला कळवायचं आणि सोपस्कार पुरे झाल्यावर चोवीस तासांत परत करायची. किरकोळ अपघातात, कुणाला गंभीर इजा नसेल, तर या तपासणीनंतर ठाण्यातूनच ताबा पावतीवर गाडी मिळू शकते. अर्जात या कलमाचा उल्लेख करा. आवाज न चढवता.

दारू पिऊन चालवल्याचं प्रकरण वेगळं. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कलम १८५. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शुद्धीत असलेला, लायसन्स असलेला घरचा माणूस कागद घेऊन आला तर काही ठिकाणी गाडी त्याच्या ताब्यात देतात, काही ठिकाणी आधी कोर्टात दंड भरून या म्हणतात. रात्री तिथे हुज्जत घालू नका. सकाळी या.

कोर्टातला अर्ज

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम ४५१ आता ४९७ झालं आणि ४५७ चं ५०३. जुने वकील अजून सवयीने "चारशे एक्कावन्नचा अर्ज" म्हणतात, दचकू नका. वस्तू कोर्टासमोर हजर केलेली असेल तर ४९७, पोलिसांनी नुसता जप्तीचा अहवाल पाठवला असेल तर ५०३. गाडी कोर्टात कोण नेणार? म्हणून बहुतेक अर्ज दोन्ही कलमं लिहूनच करतात.

नव्या ४९७ मध्ये एक चांगली गोष्ट आली आहे. वस्तू कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे, हवं तर व्हिडिओ काढायचा आणि तेच पुढे पुरावा म्हणून वापरायचे. त्यानंतर तीस दिवसांत वस्तूचं काय करायचं याचा हुकूम द्यायचा. म्हणजे खटला संपेपर्यंत गाडी आवारात उभी ठेवायला आता फारसं कारण उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सांगितलं होतं: जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती सोडा. या निकालाचं नाव अर्जात एका ओळीत घाला. आमच्या आवारात एका जीपच्या बॉनेटमधून बाभूळ वर आली होती आणि पावसाळ्यात तिला फुलंही यायची.

अर्ज तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा, त्या ठाण्याची हद्द ज्या कोर्टाकडे असेल तिथे. तुमचं घर कुठे आहे याला महत्त्व नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही, पण गुन्हा गंभीर असेल तर ठेवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले, अपंग, कोठडीतले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्वतः अर्ज करायचा असेल तर साधारण असा लिहा:

मे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, (गाव) यांचे न्यायालयात
अर्जदार: नाव, वय, धंदा, पत्ता
विरुद्ध
महाराष्ट्र शासन, तर्फे (ठाण्याचे नाव) पोलीस ठाणे
विषय: गु.र.नं. ____ मधील जप्त वाहन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम ४९७ व ५०३ अन्वये ताब्यात मिळणेबाबत.

अर्जदार विनंती करतो की, वाहन क्र. ____, चेसिस क्र. ____, इंजिन क्र. ____ हे अर्जदाराचे नावे नोंद असून वरील गुन्ह्यात दिनांक ____ रोजी जप्त केलेले आहे. वाहनाचा पंचनामा व तपासणी पूर्ण झालेली आहे. सदर वाहनावर अन्य कोणी हक्क सांगितलेला नाही. वाहन उघड्यावर उभे असल्याने त्याचे नुकसान होत असून अर्जदाराचा उदरनिर्वाह त्यावर अवलंबून आहे. न्यायालय घालेल त्या अटी मान्य आहेत. वाहन विकणार नाही, त्याचा रंग व स्वरूप बदलणार नाही व न्यायालय सांगेल तेव्हा हजर करीन. तरी वाहन सुपूर्दनाम्यावर अर्जदाराचे ताब्यात देण्याचा हुकूम व्हावा.

सुपूर्दनामा म्हणजे बोलावलं की हजर करीन अशा लेखी हमीवर मिळालेला तात्पुरता ताबा. उदरनिर्वाहाचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. गाडी फक्त लग्नाला-देवाला जायची असेल तर ते काढून टाका. कोर्टापुढे खोटं एक वाक्यही महागात पडतं.

सोबत आरसी, विमा, लायसन्स, आधार, एफआयआरची प्रत, गाडी कर्जावर असेल तर बँकेचं ना हरकत पत्र. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद रस्त्यावर तपासणीला कायद्याने चालतात, पण कोर्टात छापील प्रत लावा आणि मूळ आरसी खिशात ठेवा. बंधपत्रासाठी मुद्रांक किती रुपयांचा लागेल ते नोटरीला किंवा कोर्टातल्या लिपिकाला विचारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला तेव्हापासून लोक भलताच कागद विकत घेऊन येतात.

अर्ज दाखल झाला की कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा "से" मागवतं, म्हणजे म्हणणं. सगळं घोडं इथे अडतं. से ठाण्यात येतो, तपासी अंमलदार बंदोबस्ताला, तारीख पुढे. मग पुढची तारीख. तुम्ही काय करायचं? कोर्टातल्या पैरवी अंमलदाराला, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाला, भेटायचं, से घेऊन ठाण्यात कोण गेलं ते विचारायचं आणि तारखेच्या आदल्या दिवशी तपासी अंमलदाराला फोन करायचा. नम्रपणे, पण दर वेळी. "तपासकामी आवश्यक" असा से आला तर कोर्टाला विचारायला सांगा की पंचनामा, फोटो, तपासणी झाल्यावर नेमका कोणता तपास उरला. चेसिस नंबर खोडलेला असेल, रक्ताचे डाग प्रयोगशाळेत जायचे असतील, तर तो से खरा असतो, थांबावं लागतं. एरवी तो सवयीने लिहिलेला असतो. मी लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसलेलो आहे.

हुकूम झाला की त्यात बंधपत्राची रक्कम येते, बहुधा गाडीच्या किमतीएवढी. किंमत दाखवायला विम्यावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बरी पडते. जामीनदार मागितला तर त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, तो आधीच तयार ठेवा. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दगावलं आणि गाडीला विमाच नसेल, तर नुकसानभरपाईपोटी कोर्ट मोठी हमी मागू शकतं. ती द्यायची तयारी नसेल तर गाडी सुटणं अवघड, हे स्पष्ट सांगतो. अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालयात दाद मागता येते.

हुकमाची प्रत ठाण्यात टपालाने जायची वाट बघू नका. "हातबटवडा द्यावा" असा अर्ज टाका, प्रत स्वतः घेऊन जा आणि आवकचा शिक्का मारून घ्या.

आरसी दुसऱ्याच्या नावावर

सगळ्यात जास्त रडारड इथे. सेकंडहँड गाडी घेतली, पैसे दिले, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, पण आरटीओत नाव चढवलं नाही. कोर्ट आरसीवरचं नाव बघतं. जुना मालक भला असेल तर त्याच्याच नावाने अर्ज करा आणि त्याने तुम्हाला मुखत्यारपत्र द्यावं, किंवा त्याचं ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या असतील तर त्यांच्या प्रती लावा. तो सापडतच नसेल तर पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा, तुमच्या नावाचा विमा, सर्व्हिसिंगची बिलं, दुसरी चावी, जे असेल ते सगळं. मालक वारला असेल तर वारसाने अर्ज करायचा आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची. कंपनीची गाडी असेल तर लेटरहेडवर अधिकारपत्र.

चोरीला गेलेली गाडी सापडली आणि विमा कंपनीने दरम्यान दाव्याचे पैसे दिलेले असतील, तर ती गाडी आता कंपनीची. तुम्ही अर्ज करू नका, कंपनीला कळवा.

चावी हातात घेताना

सकाळी जा, मेकॅनिक बरोबर न्या. महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी बसलेली असते, टायरमधली हवा गेलेली असते, उंदरांनी वायरी खाल्लेल्या असतात. पंचनामा समोर ठेवून एकेक वस्तू बघा. काही कमी असेल तर ताबा पावतीवर सहीच्या वर तसं लिहा आणि मग सही करा. सही झाल्यावर केलेली तक्रार मुद्देमाल कारकून कुठेच नोंदवू शकत नाही. गाडी आवारात असताना विमा संपला असेल तर रस्त्यावर काढायच्या आधी मोबाइलवरूनच निदान थर्ड पार्टी करून घ्या, आणि मुदत संपून नव्वद दिवस झाले की नो क्लेम बोनस जातो हेही लक्षात असू द्या.

चावी देताना कुणी "चहापाणी" म्हणालं तर पावती मागा. पावती नसलेल्या पैशाला लाच म्हणतात, आणि लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे. माझ्याच खात्याबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवं.

गाडी घरी आली तरी ती खटला संपेपर्यंत सुपूर्दनाम्यावर आहे. हुकमाची झेरॉक्स आरसीसोबत ठेवा, तारीख लागली आणि कोर्टाने बोलावलं तर गाडी घेऊन हजर व्हा. रंग बदलायचा असेल, विकायची असेल, भंगारात काढायची असेल, तर आधी त्याच कोर्टात परवानगीचा अर्ज करा. नाहीतर बंधपत्राची रक्कम तुमच्याकडून किंवा बिचाऱ्या जामीनदाराकडून वसूल होते.